कामाची की ठेवलेली?

“घोडी कामाची आहे की नुसती ठेवलेली?”

पशुऔषधांच्या दुकानातल्या माणसानं हे अगदी सरळ विचारलं. सांध्यांसाठीची पावडर हवी म्हटल्यावर त्यानं मागच्या फळीवरून दोन डबे काढून काउंटरवर ठेवले होते. एकावर अडथळ्यावरून झेपावणारा तांबूस घोडा, दुसऱ्यावर नुसती अक्षरं. कामाची असेल तर हा न्या, ठेवलेली असेल तर एवढा महागाचा कशाला, दुसरा चालेल, असा त्याचा हिशोब. त्याच्याकडे येणारी बरीचशी माणसं घोड्यावर पोट असणारी. वरातीला घोडी देणारे, थंड हवेच्या गावात पर्यटकांना फिरवणारे. त्यांचे चार पैसे वाचावेत म्हणूनच तो असं विचारत असणार, आणि त्याचा मला आजही राग नाही. “म्हातारी आहे. आता काही करत नाही,” एवढं मी म्हटलं आणि काहीच न घेता बाहेर पडले. पण ते दोन शब्द माझ्यासोबत गाडीत येऊन बसले. तबेल्यापर्यंतच्या रस्त्यावर, मुळशीकडच्या डोंगरांवर ढग उतरलेले असताना, मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होते, आणि एकही उत्तर मला पुरेसं वाटत नव्हतं.

मैना एके काळी शर्यतीत पळायची. पुण्याचा शर्यतींचा हंगाम पावसाळ्यातला. त्या ओल्या गवतावर ती कधी पळाली असेल, कितवी आली असेल, हे सांगणारं आता कोणी माझ्या ओळखीत नाही. जिंकत नाहीत ती घोडी लवकरच दुसरीकडे जातात. काही रायडिंग स्कूलमध्ये, काही वरातींना, काही कुठे गेली ते कळतही नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया बंद करण्याचा उच्च न्यायालयाचा निकाल २०१५ साली आला, तेव्हा त्या गाड्यांना जुंपलेल्या घोड्यांचं पुढे काय, हा प्रश्न दोन-चार दिवस चर्चेत राहिला आणि मग विरून गेला. मैना नशिबानं मी जिथे शिकत होते त्या रायडिंग स्कूलमध्ये आली. तिच्या पाठीवर कितीतरी मुलं रपेट शिकली. पडणाऱ्या मुलाखालून अंग काढून न घेता थांबून राहण्याची तिची एक सवय होती. पोर मानेला लोंबकळत असलं तरी ती पाय हलवायची नाही. अशा घोडीला शाळेत फार मागणी असते. त्यामुळे तिला विश्रांती कमी मिळाली, हेही खरं.

तिच्या पायाचं पहिल्यांदा लक्षात आलं ते नालबंदाच्या. मागच्या डाव्या पायाची नाल काढून त्यानं माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “पुढून बघा किती झिजलीय.” खरंच, टोकाकडे ती पातळ होऊन चमकत होती, टाचेकडे मात्र अजून जाड. घोडी पाय उचलून टाकत नव्हती, जरासा ओढत होती. मग मला बाकीचंही दिसायला लागलं. थंडीच्या सकाळी तबेल्यातून बाहेर येताना पहिली काही पावलं आखडलेली, मग अंग गरम झालं की चाल मोकळी. वळताना आतला पाय टेकवण्याआधी किंचित विचार. खूर साफ करायला पाय धरला की थोड्याच वेळात तो हिसकावून घेणं. डॉक्टरांनी पाय वर दुमडून मिनिटभर धरला, सोडला, आणि मोतद्दार मामांनी तिला लगेच दुडकी चालवलं. ती लंगडली. एक्स-रेमध्ये हॉकच्या खालच्या दोन सांध्यांमधली फट जवळजवळ बुजलेली होती. मागच्या पायाच्या मध्यावर जो मोठा कोन दिसतो तो हॉक, आणि त्याच्या तळाशी चपट्या हाडांचे असे सांधे असतात की ज्यांची हालचाल मुळातच फार थोडी. डॉक्टर म्हणाले, कधी कधी ही हाडं आपोआप एकमेकांना जुळून जातात, सांधाच उरत नाही, आणि मग दुखणं थांबतं. याला किती वर्षं लागतील, लागतील की नाही, काही सांगता येत नाही. सांधा वाचावा म्हणून धडपडायचं की तो संपावा म्हणून वाट पाहायची, हे मला त्या दिवशी कळेना. अजूनही पूर्ण कळलेलं नाही.

पावडरींच्या जगात मी शिरले ती या गोंधळातूनच.

त्या डब्यांवर काय नसतं! ग्लुकोसामीन, जे खेकड्या-कोळंबीच्या कवचांपासून काढतात. कॉन्ड्रॉइटिन, जे गुरांच्या श्वासनलिकेच्या कूर्चेतून (कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरही असतो तो मऊ, लवचीक थर) किंवा शार्कच्या कूर्चेतून येतं आणि महाग असतं. एमएसएम म्हणजे गंधकाचं एक संयुग. हायल्युरोनिक आम्ल, हळद, सालईचा डिंक, न्यूझीलंडकडच्या हिरव्या शिंपल्यांची भुकटी. एकाच डब्यात ही सगळी मंडळी, आणि प्रत्येकाचं वजन न सांगता सगळ्यांचं मिळून एकच वजन छापलेलं. मी वजनकाटा घेऊन बसायचे. साधारण पाचशे किलोच्या घोड्याला रोज दहा ग्रॅमच्या आसपास ग्लुकोसामीन द्यावं असा रिवाज आहे. काही डब्यांतल्या चमच्यात सगळे घटक मिळूनसुद्धा तेवढं वजन भरत नाही. आणि लेबलावर लिहिलंय तेवढं आत असतं का, हा वेगळाच प्रश्न. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत घोड्यांसाठीची २३ उत्पादनं प्रयोगशाळेत मोजली, त्यातल्या ९ मध्ये ग्लुकोसामीन लेबलापेक्षा कमी निघालं, आणि ४ मध्ये तर सांगितल्याच्या ३० टक्केही नव्हतं. हे वाचल्यावर चित्रातला झेपावणारा घोडा माझ्यासाठी कायमचा खाली उतरला. ज्या कंपनीला प्रत्येक घटकाचं वजन स्वतंत्र छापता येत नाही आणि मागितल्यावर त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल देता येत नाही, तिचा डबा घ्यायचा नाही, एवढा नियम मी तेव्हा केला. या एका नियमानं बहुतेक फळी रिकामी होते.

पण समजा डबा सच्चा आहे. तरी पुढे काय? तोंडावाटे दिलेल्या ग्लुकोसामीनचा अगदी थोडा हिस्सा घोड्याच्या रक्तात पोहोचतो, आणि सांध्यातल्या वंगणात तर त्याहून कितीतरी कमी. नेदरलँड्समध्ये म्हाताऱ्या घोड्यांवर एक चांगला प्रयोग झाला, २०१४ मध्ये छापून आला. २४ घोडे, तीन महिने, निम्म्यांना ग्लुकोसामीन-कॉन्ड्रॉइटिन-एमएसएमचं मिश्रण आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी भुकटी. चाल यंत्रांनी मोजली. मिश्रण खाणाऱ्यांचं पाऊल काही सुधारलं नाही. दुसरीकडे कोलोराडोतल्या विद्यापीठात अवोकाडो आणि सोयाबीनच्या तेलातून काढलेल्या अर्काचा प्रयोग झाला होता; त्यात घोड्यांचं लंगडणं कमी झालं नाही, पण सांधा उघडून पाहिल्यावर कूर्चेची झीज मात्र कमी आढळली. म्हणजे दुखणं तेवढंच, पण आत काहीतरी वाचलं. हायल्युरोनिक आम्ल तोंडावाटे दिल्यानं शस्त्रक्रियेनंतर शिंगरांच्या हॉकची सूज कमी राहिली, असंही एका अभ्यासात दिसलं; पण ती कोवळी, वर्षाची शिंगरं, त्यांचं दुखणं वेगळं. मी हे सगळं वहीत उतरवत गेले आणि माझ्या लक्षात आलं की हे वाचताना मी मैनेला शोधत होते, आणि ती कुठेच नव्हती. कुठे पावलाची लांबी मोजलेली, कुठे जमिनीवर पडणारा भार, कुठे धावपट्टीवर परतायला लागलेले दिवस. सगळी मोजमापं कामाची. ज्या घोडीला कुठेच जायचं नाही, तिचं पाऊल दोन सेंटिमीटरनं लांब पडलं काय आणि नाही काय.

आईच्या गुडघ्यांचं तेव्हाच चाललं होतं. तिला तेच ग्लुकोसामीन-कॉन्ड्रॉइटिन, माणसांच्या गोळीत, डॉक्टरांनी लिहून दिलेलं. माणसांवरचा मोठा प्रयोगही २००६ मधलाच, अमेरिकेतला, १५८३ रुग्णांचा. त्यात या गोळ्या सगळ्या रुग्णांचा मिळून विचार करता खोट्या गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरल्या नाहीत. खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांनाही बरं वाटलं होतं. मी हे आईला सांगितलं नाही. तिला गोळीनं बरं वाटत होतं, आणि बरं वाटणं ही तिच्या बाबतीत खरी गोष्ट होती. ती स्वतः सांगत होती. मैनेच्या बाबतीत बरं वाटतं ते मला. पावडर सुरू केली की मी रोज तिच्याकडे आशेनं बघणार, आणि आशेनं बघणाऱ्याला चाल मोकळी दिसतेच. लंगडणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांबाबत हे मोजून पाहिलेलं आहे: खोटं औषध चालू असताना त्यांनाही आणि डॉक्टरांनाही सुधारणा दिसते, जमिनीवरच्या भाराच्या यंत्राला दिसत नाही.

आईच्या डॉक्टरांनी एकदा तिला विचारलं, “आजी, किती चालता येतं?” ती म्हणाली, अर्धा तास येतं. ते खूश झाले. बाहेर आल्यावर रिक्षात ती म्हणाली, “मला चालायचं नाहीये गं. मला खाली मांडी घालून बसायचंय. देवासमोर खुर्ची घेऊन बसायला कसंसंच होतं.” कागदावर तिचं गुडघ्याचं दुखणं आटोक्यात होतं. तिला हवी होती ती एक गोष्ट त्या कागदावर कुठेच नव्हती, कारण ती कोणी विचारलीच नव्हती.

मैनेला कोण विचारणार?

विचारलं ते मामांनी, त्यांच्या पद्धतीनं. मामांचं सगळं आयुष्य घोड्यांत गेलंय. दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याच्या बाजाराला जाऊन आलेली माणसं त्यांच्याशी तासन्‌तास बोलत बसतात. तापीच्या काठावरच्या त्या बाजारात गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतं, भोवरे बघतं, खूर उचलून बघतं, रेवाल चाल चालवून बघतं. मामा म्हणतात, मी फक्त एवढं बघतो की जनावर सकाळी कसं आहे. एका सकाळी खरारा करताना ते म्हणाले, “ताई, ही रातची बसतच न्हाई. शेपटीत काडी नसते हिच्या.” मला आधी कळलं नाही. मग त्यांनी पुढच्या पायांच्या घोट्यांवर, समोरच्या बाजूला, सोललेल्या जागा दाखवल्या. केस गेलेले, कातडी खरवडलेली.

घोडा उभ्यानं झोपतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या पायांत हाडं आणि स्नायुबंधांची अशी रचना असते की फारसं बळ न लावता तो उभा राहू शकतो आणि डुलकी काढू शकतो. पण झोपेचा एक टप्पा, ज्यात डोळे पापण्यांखाली हलतात आणि स्नायू पूर्ण सैल पडतात, तो त्याला उभ्यानं मिळत नाही. त्यासाठी अंग जमिनीला टेकावंच लागतं. दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास, फार नाही, पण तेवढं हवंच. ज्याला उठताना दुखतं तो घोडा बसायचंच टाळतो. मग कित्येक रात्री तो उभाच असतो, आणि कधीतरी उभ्या उभ्याच ती गाढ झोप येऊ पाहते, पुढचे गुडघे मुडपतात, घोटे जमिनीवर आपटतात आणि तो दचकून जागा होतो. घोट्यांवरच्या जखमा त्याच्या. मैना पाऊल आखडून टाकत होती ते आम्ही सगळे बघत होतो. ती झोपलेली नव्हती हे मामांनी पाहिलं. त्या रात्री मला घरी नीट झोप लागली नाही. इतकी शांत घोडी, आणि त्या शांतपणात किती थकवा होता ते कोणाला ठाऊक.

पण त्यामुळे माझ्या हाती एक मोजमाप आलं, आणि ते तिचं होतं. ती बसते का. बसली तर किती सहज उठते. मोकळ्या जागेत सोडल्यावर लोळते का, आणि लोळताना दोन्ही कुशींवर होते का. नालबंदाला मागचा पाय किती वेळ देते. औषध निवडायचं ते यावर. मामांनी तबेल्याच्या दारामागे खडूनं खुणा करायला सुरुवात केली: शेपटीत काडी असली की आडवी रेघ, नसली की टिंब. मी फोनवर तिचं उठणं चित्रित करून ठेवायला लागले, नेहमी एकाच कोनातून, एकाच वेळी, म्हणजे पुढे माझ्या आशेला विचारायची वेळ येऊ नये.

आधी पावडरीला हात लावलाच नाही. तबेल्यात भाताच्या काडाचा थर दुप्पट केला, भिंतीपाशी आणखी जाड. ज्याला उठताना पाय घसरण्याची भीती आहे त्याला खालची जमीन विश्वासाची हवी. डॉक्टरांच्या सल्ल्यानं वजन थोडं उतरवलं; चंदीतला हरभरा कमी केला आणि वैरण वाढवली, कारण प्रत्येक जास्तीचा किलो त्याच सांध्यांवर बसतो. नालबंदानं पुढचं टोक गोल घडवलेली नाल बसवली, म्हणजे पाऊल उचलताना हॉकला कमी वाकावं लागेल. आणि सर्वांत मोठी गोष्ट, तिचा दिवसभराचा कोंडवाडा संपवला. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं आणि ते वंगण आत-बाहेर जातं ते दाब पडल्यानं आणि सुटल्यानं, म्हणजे चालल्यानं. म्हाताऱ्या घोड्याला विश्रांती म्हणून बांधून ठेवणं ही कित्येकदा मायेतून दिलेली शिक्षा असते. आता ती उतारावरच्या गवतात हवी तेव्हा हवी तशी फिरते. वाईट दिवसांसाठी डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम दिलंय, तेही पोटात गवत असतानाच, कारण घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं आणि वेदनाशामकांनी तिथे व्रण पडू शकतात. डायक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामक जनावरांना देण्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मरत होती. मामांना ते नाव अजून आठवतं, आणि गिधाडं येईनाशी झाली तेव्हाचं माळरानही.

एवढं झाल्यावर आडव्या रेघा दिसायला लागल्या. सलग नाहीत, पण दिसायला लागल्या. घोट्यांवर केस परत आले.

मग पावडर. एका वेळी एकच, तीन महिने, आणि मध्ये काहीच नसलेला काळ. बॅचचा अहवाल दिलेल्या कंपनीचं निव्वळ ग्लुकोसामीन आधी दिलं, पुरेशा मात्रेत. मामांच्या रेघांत फरक पडला नाही, माझ्या चित्रणातही नाही. ते बंद केलं. नंतर ओमेगा-३. ताज्या गवतात ते भरपूर असतं आणि वाळलेल्या वैरणीत उरत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात ते वरून देण्यात मला अर्थ दिसतो. शिवाय संधिवाताच्या घोड्यांवरच्या एका अभ्यासात ते खाणाऱ्यांच्या सांध्यांतल्या पाण्यात पांढऱ्या पेशी कमी आढळल्या होत्या, म्हणजे दाह कमी. शेवाळातून काढलेलं महाग पडतं, माशाच्या तेलाच्या वासानं मैना पाटीतून तोंडच काढून घेते, म्हणून सध्या भरडलेलं जवस चालू आहे. जवसातल्या ओमेगा-३ चा सांध्याला उपयोगी पडणारा प्रकार शरीरात फार थोडाच तयार होतो, हे मी जाणून आहे. तरी कातडी तुकतुकीत झालीय, ती आवडीनं खाते, आणि त्यानं कसला अपाय नाही. अवोकाडो-सोयाबीनचा अर्क पुढे कधीतरी द्यायचा माझ्या मनात आहे. त्यानं तिला आज काही वाटणार नाही, पण आतली झीज थोडी मंदावली तर ती मला हवी आहे.

मामांचं स्वतःचं औषध वेगळं आहे: मेथी, हळद आणि गूळ यांचा गोळा. मेथी-हळदीला माझी हरकत नाही, गुळाला आहे, आणि यावरून आमच्यात अजून बोलणी चालू आहेत. “म्हातारपणी गोड नको म्हणता, मग कधी द्यायचं?” हा त्यांचा प्रश्न मला दरवेळी गप्प करतो. पण डॉक्टर आता हॉकमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यावं का, या विचारात आहेत. म्हाताऱ्या घोड्यांत इन्सुलिनचा बिघाड लपलेला असू शकतो, आणि तसं असेल तर गुळानंही आणि स्टेरॉइडनंही खुरांच्या आतली सूज उसळण्याचा धोका असतो. ते दुखणं हॉकच्या दुखण्यापेक्षा कितीतरी भयंकर. म्हणून परवा तिचं रक्त तपासायला पाठवलं. अहवाल येईपर्यंत गूळ बंद, इंजेक्शनही थांबलेलं. मामांनी ते मान्य केलंय, फक्त अहवाल मराठीत समजावून सांगायचा आणि गुळाचं काय ठरलं ते आधी सांगायचं, या अटीवर.